शकूच्या वाटणीचं तेल

३ नोव्हेंबर, सोमवार

शकूला नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं. हार्ट अटॅक — पण जिवावरचं टळलं. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "काका, काकूंना मीठ कमी. तेल दोघांना मिळून महिन्याला एक किलो. त्याच्यावर नाही." येता येता तेलाचा एक पुडा घेतला. महिन्याचं काम झालं! आमचं गाव डोंगरकडा येईपर्यंत शकू एक शब्द बोलली नाही.

५ नोव्हेंबर

स्वयंपाक मीच करतो. तेल चमच्यानं मोजून. भाजी पाण्यासारखी होते. शकू दोन घास खाते नि ताट सरकवते. "भूक न्हाई." मग भिंतीकडं तोंड करून पडून राहते. ही बाई बोलायला लागली की सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

८ नोव्हेंबर

तसंच.

१० नोव्हेंबर

आज भांडली! दुपारी चष्मा लावून पुडा वाचत बसली होती.

"अवो, डॉक्टर काय म्हणले व्हते? किलो का लिटर?"

"किलो."

"मंग ह्यो लिटरचा काहून आणला? ह्याच्यात किलोभर न्हाई. मला कमी देऊन राहिले तुमी!"

म्हटलं, लिटर काय न् किलो काय, एकच. उभा जन्म पोस्टात पार्सलं तोलली, आता ही मला शिकवणार! ऐकेना. शेवटी चाँद पाशाच्या किराणा दुकानात गेलो. तसलाच नवा पुडा काट्यावर ठेवायला लावला. नऊशे पंधरा ग्रॅम — पिशवीसकट. म्हणालो, काटा बिघडलाय तुझा.

तो हसला. "काटा बराबर हाय, उत्तमराव. पाणी लिटरभर म्हणजे किलोभर. तेल हलकं असतं, त्याचं तसं न्हाई. भाभी बराबर बोलून राहिली."

घरी येऊन कबूल केलं. पण डॉक्टरांनी वरची हद्द सांगितली, तेवढं खाल्लंच पाहिजे असं थोडंच आहे?

"त्यानं दिलेलं कापणारे तुमी कोण?"

गल्लीत ऐकू गेलं असणार. मला इतकं बरं वाटलं की मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

१२ नोव्हेंबर

राहिलेलं नव्वद ग्रॅम तेल आणून दिलं. सुटं, तोलून. वाटीत मावलं. शकूनं वर ताटली झाकून ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

शकू स्वतः उठून गॅसपाशी गेली. वाटीतलं तेवढं तेल कढईला पुरेना, म्हणून फोडणीच्या पळीत एकेक भजं तळलं. घाई नाही, काही नाही. मी समोर बसून बघत होतो. तिनं एक खाल्लं, डोळे मिटून. बाकीची माझ्याकडं सरकवली. "खा. माझ्यापायी तुमी बी उपाशीच राहिले."

सगळी खाल्ली.

१ डिसेंबर

नांदेडला तपासणी. शकूचं सगळं चांगलं आलं. मी खुशीत. डॉक्टर मात्र माझ्याकडंच बघत होते — "काका, एवढा घाम का आलाय?" मलाही टेबलावर झोपवून हृदय तपासलं. नळ्या तुंबलेल्या निघाल्या. शुक्रवारी ऑपरेशन आहे. माझं.

येताना बसमध्ये शकूनं माझा हात धरला. चारचौघांत कधी धरला नव्हता. गाव येईपर्यंत सोडला नाही.