लढवय्याची पाठ

१ नोव्हेंबर, शनिवार

आप्पांच्या डायलिसिसला दीड तास उशीर. एकीकडं आपल्या मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी, दुसरीकडं कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक आणि मधे अडकलेली आमची जुनी गाडी! पूर्वी आप्पा आजच्या दिवशी दंडाला काळी पट्टी बांधून आमच्या येळ्ळूरच्या सगळ्या माणसांच्या पुढं असायचे. आज खिडकीतून बाहेर बघितलंसुद्धा नाही. नर्स कन्नडमध्ये म्हणाली, "बर्री अज्जा," या आजोबा, आणि आप्पांनी मुकाट डावा हात पुढं केला. मग चार तास. मी बाहेर बाकावर लॅपटॉप उघडून बसले. काम शून्य.

३ नोव्हेंबर, सोमवार

उपेंद्र सरांनी विचारलंच. ऑफिसात आम्ही पाच जण मिळून एक साहसाचा खेळ करतोय — राक्षस, गड, जंगलं, पत्ते, फासे, सगळं एका पेटीत. जादूगार झाला. वैदू झाला. चोरटी तर सगळ्यांची लाडकी. लढवय्या तेवढा राहिलाय, आणि तो माझ्या गळ्यात. "रूपाली, एकदम साधा हवा. नवख्याला पाच मिनिटांत कळला पाहिजे. महिनाअखेर छपाईला जायचंय."

साधा म्हणे! तलवार, ढाल, ताकद आठ. असा लढवय्या हजार जणांनी करून ठेवलाय. खेळायला बसलं की सगळे जादूगारावर झडप घालतात, आणि जो उशिरा येतो त्याच्या वाट्याला लढवय्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डायलिसिस. घरी येऊन भाकरीसुद्धा केली नाही. दोघांनी दूध-पोहे खाल्ले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज आत आप्पांजवळच बसले. सुया टोचलेल्या असताना लॅपटॉपकडं बघून त्यांनी विचारलं, "काय करतीस गं त्यात?" म्हटलं, एक लढणारा माणूस तयार करतेय. त्याला जादू येत नाही.

"मग काय येतंय?"

"तेच तर सुचत नाही!"

आप्पा हसले. किती दिवसांनी! "जादू न्हाय येत तर पाठ टेकू नगं म्हणावं त्याला."

सुचलं! आप्पांच्या लाल मातीतल्या कुस्तीत गुण नाहीत, घड्याळ नाही. पाठ लागेपर्यंत पैलवान हरत नाही. मग माझ्या लढवय्याला जीवाचे आकडे कशाला? बाकीच्यांचा जीव घावागणिक कमी होऊ दे. याची फक्त पाठ. फाशावर लागोपाठ दोनदा एक पडला तरच टेकणार, नाहीतर उभा. तिथंच सगळं लिहून काढलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिली चाचणी. सौम्याला लढवय्या दिला. ती चित्रं काढते, पण खेळते आमच्यात सगळ्यात चांगली. लढवय्या अडीच तास उभा! जादूगार, वैदू, चोरटी सगळे त्याच्या मागं लपून मजेत. शेवटी उपेंद्र सर वैतागले. "हा मरतच नाही! खेळ संपणार कसा?"

बरोबर आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं. डोकं चालत नाही हल्ली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

परतीच्या वाटेवर आप्पांना विचारलं, कुस्ती निकालीच निघाली नाही तर?

"पंच सोडवत्यात की. मधे शिरायचं, दोघांचं हात वर करायचं. बरोबरी."

"आणि पैलवानालाच थांबायचं असलं तर?"

"पैलवान कसा म्हणंल?" एवढंच बोलले.

म्हणजे तुमची आणि भावकूची, म्हटलं. ती कुस्ती मला लहानपणापासून पाठ आहे. खानापूरकडचा भावकू, आप्पांपेक्षा वीतभर उंच. एक तास दहा मिनिटं. अख्खं मैदान उभं. दोघांचे हात वर केलेला फोटो अजून सोप्यात टांगलाय. त्यानंतर आप्पांचा गुडघा कायमचा गेला, पण फोटोत तो दिसत नाही.

नवा पत्ता केला — 'सोडवणूक'. लढवय्याला स्वतः खेळता येत नाही, सोबत्यानंच टाकायचा. मग लढवय्या मानानं बाहेर. पुढची वाट बाकीच्यांनी त्याच्याशिवाय काढायची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चार चाचण्या. सोडवणूक एकदाही कुणी टाकली नाही! आज सौम्या चोरटी होती, पत्ता शेवटपर्यंत तिच्या हातात. "अगं, त्याला सोडला तर पुढं मला उभं राहावं लागतं. उभा आहे तोवर राहू दे की!"

उपेंद्र सर म्हणाले, कुणी वापरत नाही तर काढून टाक. मी भांडले. चक्क आवाज चढवला. नंतर वाईट वाटलं. एवढं भांडण्यासारखं काय होतं त्यात?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मशीनवर असताना आप्पांचं बीपी पडलं. उलटी. थंडी वाजून दात वाजायला लागले. घरी येताना पाणी मागितलं. डॉक्टरांनी दिवसाला मोजून दिलेलं पाणी संपलं होतं, म्हणून अर्धा पेलाच दिला. मी नेहमीचंच म्हटलं, "आप्पा, पैलवान ना तुम्ही!"

माझ्याकडं बघत राहिले. बोलले नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज बोलले. मशीन सुरू होतं, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत.

"भावकूच्या कुस्तीत पंधरा मिंटात दम संपलता माझा."

मी लॅपटॉप मिटला.

"नजर सारखी वस्तादाकडं. तेच पंच हुते. आता सोडवतील, मग सोडवतील. पर लोकं शिट्ट्या मारत हुती, हलगी वाजत हुती. वस्ताद बी त्यातच. माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाय गं त्यांनी."

"मग पाठ टेकायची होती की, आप्पा!"

"टेकवता येत न्हाय आपल्या मनानं. अंगाला शिकीवलंय ना, टेकू नगं म्हणून."

मला राग आला. वस्तादांचा, त्या गर्दीचा. गाडी चालवताना येळ्ळूरच्या फाट्यापर्यंत राग. मग आठवलं — "पैलवान ना तुम्ही!" दीड वर्षं आठवड्यातून तीनदा मी तेच म्हणतेय. मी शिट्ट्याच मारतेय. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. ते गेले की मी एकटी. म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांना विचारलं. चालू ठेवलं तर कदाचित वर्ष. थांबवलं तर आठवडा, दोन आठवडे. त्रास होऊ नये म्हणून औषधं देऊ, घरी येऊन बघू. "शेवटी त्यांची इच्छा."

२२ नोव्हेंबर, शनिवार

नेलं. हो, नेलं! सगळं कळूनसुद्धा गाडी काढली आणि नेलं. आप्पा बसले गाडीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लढवय्या उपेंद्र सरांना पाठवला. सोडवणूक ठेवली आहे. काढायची असेल तर तुम्ही काढा, मी काढणार नाही, असं लिहिलं.

संध्याकाळी आप्पांच्या पायाला तेल लावताना एकदाचं विचारलं, "थांबवायचं का?"

"तू म्हणशील तवा."

"मी का? तुमचा जीव आहे, आप्पा!"

"आपला हात आपुन वर करत न्हाईत, रूपा."

खूप रडले. त्यांच्यासमोरच. त्यांनी रडू दिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी काढली नाही. आप्पांना सोप्यात बसवलं, तांब्या भरून पाणी दिलं. सगळं प्यायले, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. मग मी त्यांचा उजवा हात धरून वर केला. दुसरा हात कुणाचा करायचा ते कळेना. आप्पांनी सुयांनी काळानिळा झालेला डावा हात पुढं केला, माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला.