कोरी चौकट

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं आणि वहिनीचं बरं चाललं असेल असं धरून चालते. इथे माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक. तो जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना बोंब मारतो, म्हणून आता कामाचं टेबल खालच्या खोलीत आणलंय. खिडकीतून उजेड कमी येतो, पण रस्ता दिसतो. बाहेर बघण्यातच निम्मा दिवस जातो.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या ‘घड्याळजी’वर सिनेमा करायचा म्हणतात.

तू हसला असशील. मलाही आधी हसूच आलं. गेल्या आठवड्यात तिघं जण आले. त्यातला दिग्दर्शक पस्तिशीचा, अगदी हळू बोलणारा. खुर्चीवर बसायच्या आधी माझ्या टेबलाला हात लावून म्हणाला, “ताई, मी आजारी पडलो की आई तुमचा अंक आणायची. म्हणून मी फार आजारी पडायचो.” असं म्हणणाऱ्या माणसाला चहा न देता कसं पाठवणार?

मी त्याला तुझं मत सांगितलं. चित्रकथेचा सिनेमा करणं म्हणजे उकडलेलं अंडं परत कच्चं करायला बसणं, असं तू छापखान्यात टेबल ठोकून म्हणायचास. वाचक पान उलटायला जो वेळ घेतो तो त्याचा स्वतःचा असतो, सिनेमा तो काढून घेतो, वगैरे. आणि आपला अक्षरकार बोरू ओल्या अक्षरांवर फुंकर घालत म्हणायचा, “होऊ शकतो. कागदावर घड्याळजीला घाम फुटलेला दाखवता येतो. तो घाम पुसताना दाखवायचा तर सिनेमाच हवा.” तुम्हा दोघांचा हा वाद किती वर्षं चालला. मी मध्ये बसून रेषा ओढायचे आणि कोणाचीच बाजू घ्यायचे नाही.

बोरू गच्चीवरून पडला त्याला येत्या ऑक्टोबरात बावीस वर्षं होतील. त्याची मुलगी आता सव्वीसची आहे. सुट्टीत माझ्याकडे अक्षरं गिरवायला यायची ती. आज तिचा हात तिच्या बापासारखाच चालतो, तोही काडीच्या बोरूनेच लिहायचा, म्हणून तर आपण त्याला बोरू म्हणायचो, आणि तीही तशाच लेखणीने लिहिते. सिनेमाच्या सुरुवातीची नावं हाताने लिहायची आहेत म्हणाले, तेव्हा मी तिचं नाव सुचवलं. त्यांनी लगेच घेतलं.

कागदपत्रं सोबत आहेत. पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर. नावं कशी घालायची असं विचारलं तेव्हा मी अंकावर छापायचो तसंच सांगितलं: कथा तू, चित्रं मी, अक्षरं बोरू.

जुनी मूळ पानंही त्यांनी नेली, चार खोकी. प्रत काढून परत देणार आहेत.

वहिनीला नमस्कार सांग. ती फोनवर बोलते, तू येत नाहीस, म्हणून पत्र.

तुझी,
धाकटी


१९ एप्रिल

दादा,

सह्या मिळाल्या. सोबत एक ओळ असती तर बरं वाटलं असतं, पण असो.

परवा चित्रीकरण बघायला गेले होते. एका जुन्या गोदामात त्यांनी घड्याळाचा मनोरा उभा केलाय. मनोरा म्हणजे वरचा कठडा तेवढाच, जमिनीपासून माझ्या कमरेइतका उंच. खाली गाद्या. तरी त्यावर उभा असलेला नट बघून मी दोन पावलं मागे सरकले. आपला घड्याळजी रोज एक मिनिट काळ थांबवू शकतो, आणि शेवटच्या अंकात त्याने ते मिनिट वापरलंच नाही. का, ते आपण लिहिलं नाही.

दिग्दर्शकाने माझ्यासाठी खुर्ची मागवली. शेजारी उकिडवा बसला आणि त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, “ताई, एक विचारायचं राहिलंय. शेवटच्या पानावर तीन चौकटी आहेत. पहिलीत घड्याळजी कठड्यावर, शेजारी त्याचा मित्र. तिसरीत खाली फरशीवर घड्याळजीचा चष्मा. मधली कोरी. त्या कोऱ्या चौकटीत काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही असं काढलंत, की काही काढलंच नाही?”

मी म्हटलं, “वाचकाने ठरवायचं. म्हणून तर लोकांनी त्यावर एवढं लिहिलं.”

“मला वाचकासारखं करता येत नाही ना,” तो म्हणाला. “मी पडदा कोरा ठेवला तर लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. पहिली चौकट आणि तिसरी चौकट यांच्यामध्ये माझ्याकडे चार सेकंद आहेत. त्यात काहीतरी दिसायलाच हवं.”

मग त्याने ते तीन प्रकारे चित्रित केलं. एकदा घड्याळजी घसरतो. एकदा स्वतः उडी घेतो. तिसऱ्या वेळी मित्राने हात पुढे केला. मित्राचं काम करणारा नट बिचारा साधा माणूस आहे, मधल्या वेळेत सगळ्यांना शेंगदाणे वाटत होता. त्याने हात पुढे केला, तळवा उघडा ठेवून, अगदी सावकाश, आणि मी उठून बाहेर आले. उकाड्याने चक्कर आली असं सगळ्यांना सांगितलं. त्यांनी पंखा लावला.

दादा, मी नीट विचार केलाय. हा सिनेमा होऊ नये. करारात लिहिलंय की आपल्या दोघांपैकी कोणीही सह्या झाल्यापासून महिन्याच्या आत लेखी कळवलं तर तो रद्द होतो. तीन आठवडे गेलेत. मी कळवलं तर ते कारण विचारतील, माझ्यासमोर बसून विचारतील, आणि मला त्या माणसाशी खोटं बोलता येत नाही. तू लांब आहेस. कथेचा बट्ट्याबोळ होतोय असं लिही, तब्येतीचं कारण दे, काहीही लिही. तुझं मत सगळ्यांना माहीत आहे, कोणाला नवल वाटणार नाही.

मला कारण विचारू नकोस.

आणखी एक. ती चार खोकी परत मागितली तर म्हणाले, त्यातलं एक खोकं अजून व्हायचंय. शेवटच्या अंकाचं. पानं एकेक करून दिव्याखाली ठेवतात, प्रत काढायला. त्या दिव्याची धग चांगलीच असते म्हणे. बोरूची मुलगीच ते काम करतेय.

लवकर लिही.

धाकटी


७ जून

दादा,

मी फोन केला होता. वहिनी आत जाऊन तुला विचारून आली आणि म्हणाली, “ते म्हणतात, होऊ दे.” दुसरं काही नाही. या ‘होऊ दे’वर मी कितीतरी दिवस घालवले. तुला काही कळलं नाही म्हणून तू तसं म्हणालास, की सगळं कळलं म्हणून? अजूनही ठरत नाही. त्यामुळे आता सरळ लिहिते.

एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला. बोरूच्या मुलीचा. म्हणाली, “मावशी, शेवटच्या पानावर चिकटवलेला एक कागद आहे. गोंद वाळलाय, कागद सुटला. परत चिकटवू का?”

मी म्हटलं, “चिकटव.”

तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, “मी बघितलंय.”

ती मधली चौकट मी कोरी सोडली नव्हती, दादा. मी ती पूर्ण काढली होती, शाई भरून. मग अंक छापायला जायच्या आदल्या दुपारी त्यावर पांढरा कागद चिकटवला. लोकांनी त्या पांढऱ्या कागदाचं कौतुक केलं. काय संयम, काय धाडस. मी सत्कारही घेतला. तो कागद भीतीने चिकटवलेला होता.

बोरू पडला त्या दिवशी मी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं की मी खाली चित्र काढत होते. मी खाली नव्हते. चार वाजले होते. मी चहाचे तीन कप घेऊन लोखंडी जिन्याने वर येत होते, आणि माझं डोकं गच्चीच्या पातळीवर आलं होतं तेव्हा बोरूचा आवाज ऐकू आला. तो चढ्या आवाजात बोलत नव्हता. म्हणत होता, “दोन वर्षं गोष्टी मी लिहितोय. पुढच्या अंकावर लेखक म्हणून माझं नाव घाल, नाहीतर मी स्वतःच सांगेन.” तू त्याच्या छातीवर हात ठेवलास. त्या हातात राग होता की नुसतं बाजूला सारणं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. इतकी वर्षं मी हातच काढत आलेय आणि तो एक हात मला वाचता आला नाही. पण बोरू घसरला नव्हता.

मी आवाज न करता खाली आले. कप टेबलावर ठेवले, कुंचला हातात घेतला. तू आलास आणि म्हणालास, “बोरू घसरला.” मी दचकल्यासारखं केलं. मग लोक धावले, सगळा गोंधळ झाला. पण त्याआधी तुझी नजर त्या तीन भरलेल्या कपांवर गेली होती. तू विचारलं नाहीस, चहा झाला होता तर हाक का मारली नाहीस. त्यानंतर आपण एकमेकांना काहीच विचारलं नाही. दोन महिन्यांत शेवटचा अंक काढला आणि तू गाव सोडलंस.

गप्प का बसले? आई-बाबांच्या मागे तू मला वाढवलंस. पहिला कुंचला तूच आणून दिलास, स्वतः फाटकी चप्पल घालून. हे खरं आहे, आणि इतकी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आले. पण आणखीही एक आहे. गोष्टी बोरू लिहितोय हे मलाही माहीत होतं. मजकुराचे कागद त्याच्याच अक्षरात यायचे, मला अक्षर ओळखू येत नाही का? मी काही बोलले नाही, कारण मुखपृष्ठावर ‘बहीण-भाऊ’ असं छापलेलं मला आवडायचं. दोघांचं नाव घेऊन लोक बोलायचे, तिसऱ्याला जागा नव्हती. त्याची पोर मी जवळ केली, तिला शिकवलं. ती मला फार चांगली बाई समजत आली.

फोननंतर दोन दिवसांनी ती घरी आली. पान गुंडाळून आणलं होतं. टेबलावर पसरलं आणि मधल्या चौकटीवर बोट ठेवलं. “मावशी, हा हात कोणाचा?”

मी म्हटलं, “घड्याळजीच्या मित्राचा.”

“मित्राचा हात तुम्ही अकरा वर्षं काढलाय. मी सगळी पानं बघितलीत. त्याची करंगळी सरळ आहे.”

माझ्या खोलीत भिंतीवर आपल्या तिघांचा फोटो आहे. तुझा हात बोरूच्या खांद्यावर आहे. लहानपणी मोडलेली तुझी करंगळी त्यात स्पष्ट दिसते. ती फोटोकडे वळली नाही. त्याची तिला गरज नव्हती, ती लहानपणापासूनच्या सगळ्या सुट्ट्या त्या फोटोखाली बसून गिरवत आलीय.

मग मी सांगितलं. वर लिहिलंय तेवढं सगळं, कपांसकट. शेवटी तिने फक्त विचारलं, “बाबा काही म्हणाले का पडताना?” मी म्हटलं, नाही. हेही खरं आहे. ती पदराआड वगैरे रडणारी मुलगी नाही. पान परत गुंडाळलं, रबर लावलं आणि गेली. मला वाटलं आता पोलीस येतील, दिग्दर्शक येईल, कोणीतरी येईल. महिनाभर दाराची कडी वाजली की मी उठून उभी राहायचे. कोणी आलं नाही. ते महिनाभर वाट बघणं मी कोणाला सांगू शकत नाही.

मागच्या सोमवारी जोडून तयार झालेला सिनेमा त्यांनी मला दाखवला. दिग्दर्शकाला यातलं काहीही ठाऊक नाही, तिने सांगितलेलं नाही. तरी त्याने तीन प्रकारांतला तिसराच ठेवलाय. का, विचारलं तर म्हणाला, “ताई, बाकीचे दोन खोटे वाटत होते.” अंधारात चार सेकंद तो उघडा तळवा पुढे येतो. सिनेमा चांगला झालाय, दादा. फार चांगला. घड्याळजी घाम पुसतो तेव्हा मला बोरूचा विजय झाल्यासारखं वाटलं आणि तुझी कीव आली.

सुरुवातीच्या नावांत एक पाटी राहिली होती. बोरूची मुलगी लेखणी शाईत बुडवून बसली होती आणि मला म्हणाली, “कथा कोणाची लिहू?” आजूबाजूला माणसं होती. मी तिच्या वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं, मोठ्याने. तिने ते लिहिलं.

दिग्दर्शकाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, अंकावर चुकीचं छापलं जात होतं. त्याने मान हलवली.

मग तिने तुझा पत्ता मागितला. मी दिला.

हे पत्र टपालाने येत नाहीये. मी ते तिच्याच हातात देतेय, पाकीट न चिकटवता. तिला वाचायचं असेल तर तिने वाटेत वाचावं. पान तिच्याकडे आहे. तू या ओळीपर्यंत आला असशील तेव्हा ती तुझ्यासमोर बसलेली असेल, आणि वहिनी तिला पाणी घेते का विचारत असेल. ती काय करायला आलीय ते मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क माझा नाही.

वाचून झालं की कागद घडी करून वेळ काढू नकोस. मान वर कर आणि तिच्याशी बोल.

जिन्यावर उभी होती ती,
तुझी बहीण