चार पडदे खाली

पाराचिन,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय कुमा रादिशा,

तू आणि दुशांकावहिनी खुशाल असाल असं धरून चालतो. आम्ही ठीक. काल आमच्याकडे चाळीस किलो लाल मिरच्या झाल्या. भाजल्या मी, सोलल्या ल्युबिंकाने, आणि शेजाऱ्यांसमोर सगळं श्रेय घेतलं तिने. त्या मिरच्यांच्या चटणीच्या चार बरण्या झायेचारच्या बसवर झिका ड्रायव्हरच्या हवाली करतो आहे, हे पत्रही त्याच पिशवीत. तू माझा फोन उचलणार नाहीस हे सोळा महिन्यांत मला कळून चुकलं. पण ल्युबिंकाची चटणी तू परत धाडणार नाहीस, हेही मला पक्कं ठाऊक आहे. कूम हे मानलेलं नातं आहे, फोन न उचलल्याने तुटत नाही.

बातमी एकच. मी पाच तारांची बास गिटार घेतो आहे.

हास. चेदा अजून हसतोय. सरावाच्या वेळी सांगितलं तेव्हा त्याने अकॉर्डियन मांडीवरून खाली ठेवलं.

"वितो, तूच म्हणायचास ना, ज्याला चार तारा पुरत नाहीत त्याने वाद्य घेऊ नये, कुंपण घालावं?"

"म्हणायचो."

"मग आता काय, मेंढ्या पाळणार?"

म्हणायचो, हे खरं आहे. बत्तीस वर्षं चार तारांवर काढली. मला कुणी शिकवलं नाही. दिवसा मोटारींच्या कॉइल गुंडाळायच्या, संध्याकाळी रेडिओला कान लावून बोटं शोधायची, आणि जे सापडलं ते पुस्तकात बरोबर आहे का ते तपासायचं. दोनदा पुस्तक चुकीचं निघालं.

तुला गाणाऱ्याला तारांचं कधी पडलेलं नव्हतं, म्हणून सांगतो. चार तारांच्या बासचा सगळ्यांत खालचा सूर ई. तिथे जमीन लागते. पाचवी जाड तार म्हणजे त्या जमिनीखाली पाच पडद्यांचं, म्हणजे पाच अर्ध्या सुरांचं, तळघर. हल्ली लग्नांत लोकांना आवाज पोटात जाणवायला हवा असतो. एवढंच कारण.

ल्युबिंकाने साडेतीनशे युरोंची हद्द आखून दिली आहे. त्या हद्दीत पाच तारांच्या बास पुष्कळ मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकांना चारच तारा असतात. पाचवी असते नुसती बघायला. छेडली की ओल्या ताडपत्रीसारखी फडफडते, सूर कुठला ते तिलाही माहीत नसतं. म्हणून मी वाद्य आधी विजेला लावतच नाही. पोटाशी धरतो आणि जाड तार छेडतो. लाकूड बरगडीला काही बोललं तर पुढे जायचं. मग पट्टा गळ्यात घालून डावा हात सोडून द्यायचा. दांडी जमिनीकडे कलली तर सहा तासांच्या लग्नात खांदा गेलाच म्हणून समज. मग वजन. बेलग्रेडच्या दुकानात मी खिशातून ताणकाटा काढला तेव्हा विकणारा, चाळिशीतला, शेंडी बांधलेला गडी, दोन पावलं मागे सरला.

"काका, हा बाजार नाही हो."

"चार किलो सातशे," मी म्हणालो. "बाजारात एवढ्या वजनाचं डुक्कर कुणी घेणार नाही."

त्याने विचारलं, नातवासाठी घेताय का? मी उत्तर दिलं नाही. दुकानात सहा वाद्यं पाहिली, सहाही नापास.

देस्पोतोवात्सच्या लग्नाबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही. तो विषय मी काढत नाही.

तुझा कूम,
वितोमिर

ता. क. झाकणं घट्ट बसली आहेत. सुरी लावू नकोस, कोमट पाण्यात धर.


पाराचिन,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय कुमा,

झिकाने बरण्या आणून दिल्या. चारही धुतलेल्या, चारही अक्रोडांनी काठोकाठ भरलेल्या. चिठ्ठी नव्हती. मी चमचा घालून तळापर्यंत पाहिलं. ल्युबिंका म्हणाली, "अरे, रिकामं भांडं परत पाठवत नाहीत म्हणून दुशांकाने भरले असतील, त्यात त्याचा काय हात?" असेल तसं. पण अक्रोड तू फोडलेले आहेत. दुशांकावहिनी हातोडीने फोडतात, गराचा भुगा होतो. हे अर्धे अर्धे अखंड आहेत, दोन अक्रोड एकमेकांवर दाबून फोडलेले, तू प्रत्येक लग्नात टेबलाखाली फोडायचास तसे. नऊ किडके निघाले. बाकी उत्तम.

बास मिळाली.

यागोदिनाला एक दंतवैद्य आहे, त्याने पन्नाशीत हौसेने घेतली आणि तीन वर्षं कपाटामागे ठेवली. मी टेप काढून तारेची लांबी मोजायला लागलो, घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत. जाड तारेला लांबी लागते. शहाऐंशी सेंटिमीटरवर ती सैल पडते, एकोणनव्वदवर ताठ उभी राहते.

"गिटार घेताय की कपाट?" दंतवैद्याने विचारलं.

"एकोणनव्वद," मी म्हणालो.

"हे चांगलं की वाईट?"

"तुम्हाला माहीत नसेल तर वाईट."

तो हसला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "एक सांगतो, अर्धा आवाज येतच नाही. दुरुस्तीवाल्याने हात वर केले." मी मागची पट्टी उघडून पाहिली. तारांखालच्या दोन कॉइलींपैकी एक मेलेली. रादिशा, मेलेली कॉइल, आणि ती कुणापुढे? मी तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही. दोनशे ऐंशीला सौदा झाला. घरी येऊन केसाएवढ्या तारेचे सात हजार वेढे घातले, मोजून. आता ती गुणगुणत नाही, भरड बोलत नाही. पाचवी तार छेडली की स्वयंपाकघरातल्या काचेच्या ताटल्या अदबीने हलतात.

पाच पडदे खाली जाऊन मी पहिलं काय वाजवलं असेल? वधूच्या बापाचं गाणं. पण तू गायचास त्या जुन्या ईमध्ये नाही. सीमध्ये. चार पडदे खाली.

आता इथवर आलोच आहे तर सांगतो. ऑगस्टच्या तीन तारखेला ल्युबिंका दुशांकावहिनींशी फोनवर बोलत होती, फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. मागे तू काहीतरी तळत होतास आणि तळता तळता गात होतास. तेच गाणं. दोनच ओळी. आवाज जुना नाही राहिला, पण खाली कुठेतरी त्याने घर केलंय, आणि ते घर वाईट नाही. सुरात लावायचं यंत्र माझ्या हाताशी होतं. मी ते फोनला टेकवलं. काट्याने सी दाखवला. काटेकोर सांगायचं तर सीच्या किंचित खाली, पण तेलाच्या चुरचुरीमुळे यंत्र फसू शकतं, म्हणून ते मी सोडून दिलं.

ल्युबिंकाने मला पाहिलं. फोन खाली ठेवल्यावर एकच शब्द म्हणाली, "चोर."

आणि बेलग्रेडच्या त्या शेंडीवाल्याला मी उत्तर दिलं नाही असं लिहिलं होतं, तेही खरं नाही. त्याने विचारलं, "नातवासाठी?" मी म्हणालो, "कुमासाठी." तो म्हणाला, "वा, ते वाजवतात का?"

मी म्हणालो, "नाही. तो गातो."

'गायचा' म्हणायला हवं होतं का, ते तुला ठाऊक.

तुझा,
वितोमिर


पाराचिन,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

रादिशा,

या खेपेला बरणी नाही. नुसतंच पत्र आहे, त्यामुळे वाचायचं की फाडायचं ते तू मोकळ्या मनाने ठरव.

देस्पोतोवात्स. अठरा मे, गेल्या वर्षीचा. वधूच्या बापाच्या गाण्याआधी तू स्पीकरमागे आलास आणि माझ्या कानाशी म्हणालास, "वितो, आज दोन पडदे खाली घे. घसा साथ देत नाहीये." तू हळू बोललास. मी हळू बोललो नाही. चेदाला, ढोलवाल्याला, पुढच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणालो, "माझ्या बासला ईच्या खाली जमीन नाही. तू चढ."

तू चढलास. तिसऱ्या ओळीला आवाज फुटला. मुलीच्या बापाने मान खाली घातली, मागच्या टेबलावरचे हसले. तू माईक अकॉर्डियनच्या पेटीवर ठेवलास, अगदी नीट, वायर गुंडाळून, आणि पांढऱ्या सदऱ्यात बसथांब्याकडे चालत गेलास. त्यानंतर तू कुठेच गायला नाहीस.

आता ऐक. ते खोटं होतं.

चार तारांच्या बासला दोन पडदे खाली नेता येतं. जाड तारेची खुंटी सैल करायची, ई उतरून डी होतो. अर्धं मिनिट लागतं, मला तर तेवढंही नाही. हे मला त्या दिवशी माहीत होतं. बत्तीस वर्षं माहीत होतं. तुला तारांचं काही कळत नाही, हेही माहीत होतं, म्हणून तर ते उत्तर दिलं. चेदाला कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

का केलं, याचा हिशेब मी सोळा-सतरा महिने लावतो आहे. ते गाणं माझ्या मोकळ्या तारेवर सुरू होतं. अकॉर्डियन थांबतं, तू श्वास घेतोस, आणि त्या शांततेत माझा एक ई वाजतो. पूर्ण लग्नात तेवढ्या एका सुराला लोक वळून बासवाल्याकडे बघतात. खुंटी उतरवली असती तर तो सूर सैल लागला असता. तो मला सोडवेना. एका सुरासाठी मी तुला चढायला लावलं.

तुझ्या घशात गाठ होती हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर वेगळा वागलो असतो का? असतो, असं लिहिणार होतो. पण तपासता न येणारी गोष्ट मी लिहीत नाही.

चुकलो. तू माझ्या लग्नात कूम म्हणून पाठीशी उभा राहिलास, तुझ्या मुलीचं नाव मी ठेवलं, आणि मी तुला चारचौघांत उघडं पाडलं.

आता बाकीची माहिती. एकतीस तारखेला आमच्या घरचा संत लुकाचा दिवस. यंदा शुक्रवार आला, म्हणजे उपासाचं ताट, मांस वर्ज्य, मासा चालतो. कार्प मासा, भाजलेल्या चवळ्या, अक्रोडाच्या वड्या. अक्रोड तुझेच, किडके वगळून. घरच्या संताच्या दिवसाला आपल्यात कुणी कुणाला बोलावत नाही, दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. तेव्हा मी तुला बोलावत नाहीये. अठ्ठावीस वर्षं न बोलावता तू आलास आणि गेल्या वर्षी आला नाहीस, एवढी नोंद फक्त करतो. खिडकीपाशी तुझी खुर्ची होती. चेदाचा मेव्हणा तिथे बसायला गेला तर ल्युबिंका त्याला म्हणाली, "तिचा पाय मोडलाय." पाय धडधाकट आहे. मी तपासला.

झायेचारहून सकाळची बस अकराच्या आत पोचते. झिकाची त्या दिवशी पाळी आहे. हीसुद्धा नुसती माहिती.

आपली बारा गाणी आम्ही चार पडदे खाली बसवली आहेत. चेदा तीन आठवडे शिव्या देतोय. "बोटांना तीस वर्षं घराची वाट पाठ होती, तू गल्लीच बदललीस," म्हणतो. पण वाजवतो. वधूच्या बापाचं गाणं आता पाचव्या तारेच्या पहिल्या पडद्यावर सुरू होतं. तिथे मोकळी तार नाही. ती जाड तार बोट रोवून दाबून धरावी लागते, तू श्वास घेईपर्यंत. माझ्या बोटाला घट्टा पडायला लागला आहे. पडू दे.

चेदा परवा म्हणाला, "आणि तो आलाच नाही तर?" मी म्हणालो, "तर बारा गाणी चार पडदे खाली वाजवू आणि गाण्याची जागा मोकळी ठेवू." तो म्हणाला, "लोक म्हणतील, गाणारा कुठाय?" मी म्हणालो, "मग मी सांगेन." काय सांगेन ते तू वर वाचलं आहेस. तेच, पुढच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात.

आणि त्या दिवशी यंत्र फसलं नसेल, तू खरोखरच सीच्या खाली असशील, तर काळजी करू नकोस. मोजून पाहिलं आहे. तळघरात अजून एक पायरी शिल्लक आहे.

तुझ्या पट्टीत,
तुझा कूम वितोमिर