काढलेला फर्मा

जव्हार, १८ जुलै १९७८
वाचनालयाचा कथासंग्रह अब्बांकडे बांधणीला आलाय. शिवण उसवलेली, फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, सुटे. या हवेत खळ सुकत नाही, म्हणजे आठवडाभर घरात. हाताला येईल ती गोष्ट वाचते. एकीत भुताला भ्यायलेला पोस्टमन, एकीत दोन जावांचं भांडण. ते अम्मीला वाचून दाखवलं, तिची भाकरी करपली. दर गोष्टीत नव्या घरात गेल्यासारखं.

२० जुलै
आज जंगलतोडीवरच्या मजूर बाईची. मुकादम हात धरतो, ती कोयत्याच्या मुठीने त्याचे दात पाडते. बोलते अगदी जामसरच्या बाजाराला येणाऱ्या बायांसारखी. असं बोलणं छापलेलं प्रथमच पाहिलं. दोनदा वाचली.

२१ जुलै
वाचनालयाचे चिटणीस आले. "चाचा, ती कोयतेवालीची गोष्ट काढून टाका. मुलीबाळी वाचतात." मी समोर चहा घेऊन उभी. मी कोण मग?
अब्बा म्हणाले, "जी साहेब."
जी साहेब! आत जाऊन कप आपटला. कान तुटला. तो गुन्हा माझा.

२२ जुलै
अब्बांनी अख्खा फर्माच काढला. सोळा पानं. त्यात जावांच्या गोष्टीचा शेवट गेला, पोस्टमनची सुरुवात गेली.
"अब्बा, आता जावांचं भांडण मिटणारच नाही."
"दुनियेत कुठे मिटतं, बेटा?"
स्वतःच हसले. याच माणसाने मला रद्दीच्या फर्म्यांवर अक्षरं शिकवली. पान उलटं लागलं तर सगळं उसवायला लावायचे. वाचणाऱ्याला फसवायचं नाही म्हणून. तेच तोंडावर म्हटलं.
"वाचनालयाचं काम गेलं तर खाशील काय? गोष्टी?"
मी रागाने जेवले नाही.

२४ जुलै
फर्मा रद्दीत, सगळ्यात वर. शिवला तर अब्बांवर बालंट. न शिवला तर प्रत्येक वाचणाऱ्याला फसवलं.

२५ जुलै
अब्बा नमाजला गेले तेव्हा शिवला. आल्यावर त्यांनी पुस्तकाची पाठ चाचपली. बोटांना जाडी कळतेच. मग सुरी घेऊन माझे टाके कापले. मी रडले, रागानेच.
"ढिले आहेत. साहेबांच्या हातात सुटतील."
पुन्हा स्वतः शिवलं. घट्ट. सोळा पानांसकट.

२८ जुलै
चिटणीस पुस्तक घेऊन गेले. उघडलं नाही. पुस्तकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चाचा, मजबूत बांधलंय. सांगितलं तसं केलंत ना?"
"जी साहेब."
ते गेल्यावर अब्बा बराच वेळ खळीचं भांडं घासत बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. उद्या शनिवार, वाचनालयातून पुस्तकं न्यायचा दिवस. कुणीतरी ती गोष्ट उघडेलच; शनिवार कधी नव्हे तो लवकर येतोय.