तांदळातले देव

कात्रज, १९ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वरदबरोबर डबा पाठवला आहे. फोनवर बोलायचं नाही हे फर्मान तुझंच, म्हणून लिहितो. उद्या आम्ही न्यूझीलंडला निघतो. मी, वरद, सुरुची आणि वल्लरी. तीन आठवडे घर बंद. बंद घरात देव ठेवू नयेत असं आई म्हणायची, म्हणून तिचे देव तांदळात ठेवून तुझ्याकडे देत आहे. रोज डब्यापुढे दिवा लाव, हात जोड, तेवढं पुरे. डबा उघडायचा नाही. फडकं मी स्वतः बांधलं आहे, ते तसंच परत मिळावं.

आईच्या तेराव्याला तू पाहुण्यांदेखत जो तमाशा केलास तो मी विसरलेलो नाही. देव मुलाकडे जातात, हा नियम मी केलेला नाही. निदान बाळकृष्ण तरी ठेव म्हणत होतीस. देव काय सुटे मिळतात? माझ्याकडे त्यांचं सगळं यथासांग चालू आहे, तू जीव टांगणीला लावू नकोस.

सुरुचीने पाकिटातला उपमा घेतलाय. मी सांगितलं, परमुलखात पहिला घास घरचाच हवा. नानांची बदली झाली की नव्या गावात पहिल्या दिवशी घरून नेलेल्या तांदळाचीच खिचडी व्हायची, आठवत असेल. तसाच डाळ-तांदळाचा डबा घेतला आहे. सून तोंड वाकडं करते, करू दे.

वारज्याला थंडी जास्त, घसा जप. लोभ जेवढा उरला असेल तेवढा राहू द्यावा.

शरच्चंद्र


वारजे, २१ डिसेंबर, सकाळी

चि. शरच्चंद्र यास,
अनेक आशीर्वाद. वयाने मोठी असल्यामुळे द्यावे लागतात.

उघडू नकोस म्हणालास, म्हणून उघडला. आई अकरा वर्षं माझ्या घरी होती. तिला होईना तेव्हापासून हे देव मी न्हाऊ घातले, आणि आता मी त्यांच्याकडे डब्याच्या झाकणावरून बघायचं? देव येणार म्हणून मी शिरा केला. शेजारच्या श्यामलाबाईंना दर्शनाला बोलावलं. त्या हात जोडून उभ्या, आणि मी परातीत डबा ओतला तर तांदूळ, मुगाची डाळ, हिंगाची डबी आणि मेतकुटाचं पाकीट. मला वाटलं देव डब्याच्या तळाशी अडकले असतील. चांगलं कोपरापर्यंत चाचपलं. श्यामलाबाई म्हणाल्या, अन्न हे पूर्णब्रह्मच. काल सबंध संध्याकाळ मी तुझ्या खिचडीपुढे समई लावून बसले होते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आईचे देव कुठे आहेत? मला हसण्यासाठी हा उद्योग केला असलास तर सत्तरीत तुला शोभत नाही. चुकून झाला असेल तर त्याहून शोभत नाही. सरळ उत्तर दे, नियम सांगू नकोस.

लोभाचं मग बघू.

उल्का


ऑकलंड, २१ डिसेंबर, संध्याकाळी

ती. उल्काआत्यांना,
सा. न.

तुमचं फोनवर आलेलं पत्र वाचून बाबा फोन उशीखाली सरकवून भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, म्हणून मी लिहिते. आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. देव आमच्याजवळ आहेत. हॉटेलच्या खोलीत चहाच्या किटलीशेजारी, वल्लरीच्या रुमालावर.

झालं असं की दोन्ही डबे आजींचं नाव घातलेले, एकाच मापाचे, आणि दोन्हींवर बाबांनी जुन्या धोतराची फडकी बांधली. जड तो देवांचा, असं म्हणून त्यांनी एक वरदच्या हातात दिला आणि दुसरा बॅगेत भरला. खिचडीचा जड निघाला. मी विचारलं होतं, खात्री आहे ना. त्यावर माझ्या माहेरच्यांच्या अकलेवर पाच मिनिटं ऐकून घेतलं.

इथे बाहेरचं धान्य, बी, माती यांची फार कडक तपासणी असते. खायचं काय काय आणलंय ते मी आधीच सांगून टाकलं होतं, नाहीतर मोठा दंड बसला असता. काउंटरवर बाबा ऐटीत सांगत होते की हा आमचा पहिला घास आहे. फडकं सोडलं तर आत दुसरं फडकं. जांभळ्या लुगड्याचं, आणि त्याला ती घट्ट गाठ. बाबांचा चेहरा तेव्हाच उतरला. तिथल्या बाई कात्री आणायला निघाल्या, तर बाबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि गाठ दातांनी सोडवली. बाईंनी तांदूळ ट्रेमध्ये ओतला. त्यात किडे फिरत होते, जाळी धरली होती. वल्लरी ई करून हसली. मग अन्नपूर्णेचं डोकं वर आलं.

बाई हातमोजे घालून उचलायला गेल्या, तेव्हा बाबांनी घाईघाईने बूट-मोजे काढले. बाईंना वाटलं, बुटांची माती तपासायला दिली. त्या बूट घेऊन आत गेल्या. तेवढ्यात बाबांनी तिथल्या गार फरशीवर अनवाणी उभं राहून एकेक देव वेचला आणि शर्टाला पुसून खिशात ठेवला. तांदूळ तिथल्या लोकांनी ठेवून घेतला. देव नेऊ दिले, बूटही परत दिले. माणसं चांगली होती.

आता बाबा रागावले तरी चालतील, पण सांगते. ते किडे का झाले? सुतकात तुम्ही देव ज्या तांदळात ठेवले होते, तोच तांदूळ आहे हा. गाठ तुमचीच. तेराव्याला डबा घरी आणला तो माळ्यावर गेला आणि परवापर्यंत तिथेच होता. बाबांनी सागवानी देव्हारा करून घेतला, त्यात उदबत्तीचे पुडे आहेत. प्रत्येक सणाला मी म्हणायचे, देव काढूया. ते म्हणायचे, उद्या. एकदा मी स्टुलावर चढले तर असे ओरडले की वल्लरी रडायला लागली. तुमची गाठ दिसू नये म्हणून तर ते वरचं फडकं होतं.

दुपारी सगळ्यांनी पाकिटातला उपमा खाल्ला. बाबांनी दोनदा घेतला, पण चांगला झालाय असं म्हणाले नाहीत. त्यांना काय बोलायचं ते तुम्हीच बोला, मी बोलले की सून बोलली असं होतं.

आशीर्वाद असावा, आमच्या बाबतीत तुमचा हात आखडता नसतो हे माहीत आहे.

सुरुची


ऑकलंड, २२ डिसेंबर, पहाटे

ती. ताईस,
नमस्कार.

सुरुचीने तुला सगळं कळवलंय. चहाडीला पत्र म्हणायची नवी पद्धत दिसते. पण तिने खोटं काही लिहिलं नसणार.

गाठ सोडायला मी बऱ्याचदा बसलो. लुगड्याला आईचा वास यायचा, कापराचा आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा. मग डबा परत वर जायचा. आणि सोडून करणार काय होतो? पूजा आईने केली, मग तू केलीस. मी आयुष्यात फक्त प्रसादाला हात पुढे केला. हे तुला विचारावं लागलं असतं, आणि तेराव्यानंतर तुला काही विचारणं मला जमणार नव्हतं.

घे तुझे देव. परतलो की विमानतळावरून थेट वारज्याला आणतो, बाळकृष्णासकट. जिंकलीस, आता श्यामलाबाईंना शिरा वाढ.

तोवर यांना अंघोळ कशी घालायची ते कळव. इथे पळी नाही, ताम्हन नाही. कॉफीचा मग आहे.

शरद


वारजे, २२ डिसेंबर

चि. शरद यास,
आशीर्वाद.

जिंकलीस म्हणतोस. आईचे देव वर्षभर तुझ्या माळ्यावर किड्यांबरोबर, आणि वर्षभर मी इथे रिकाम्या देव्हाऱ्यापुढे समई लावतेय. यात कोण जिंकलं ते सवडीने कळव. तुला देव नकोच होते. ते माझ्याकडे नसावेत, एवढंच हवं होतं.

आणि आईच्या वासाचं मला सांगू नकोस. तो तुला सोसवला नाही. ते तेल मी अकरा वर्षं चोळलं. आई गेल्यावर घरात तिचं म्हणून जे एक फडकं उरलं होतं, ते मी देवांच्या डब्याला बांधलं, आणि तू ते देवांबरोबर उचलून नेलंस. मी त्या दिवशी कशासाठी ओरडत होते हे तुला तेव्हाही कळलं नाही.

अंघोळीचं सांगते. कॉफीचा मग नको, पेला असेल तर तो घासून घे. पाणी कोमट. ज्याला स्वतःला गार पाणी सोसत नाही त्याने देवांना घालू नये, असं आई म्हणायची. कोरड्या कपड्याने टिपायचं, पितळ ओलं ठेवायचं नाही. तुम्ही जे खाल ते आधी त्यांना दाखव, पाकिटातला उपमासुद्धा. मंत्र येत नसतील तर गप्प राहा. तेवढं जमलं तरी पुष्कळ.

तुझ्या डाळ-तांदळाची मी काल खिचडी केली. आईच्या फोटोला दाखवली आणि श्यामलाबाईंना वाढली. पहिला घास घरचाच झाला, फक्त तुझ्या पोटात गेला नाही.

परतलास की देव इथे आण, कबूल केलंस ते पाळ. बाळकृष्ण सोडून. त्याला आज हातात घेतलास की पाठ बघ. तिथे एक खळगा आहे. न्हाऊ घालताना आईचा अंगठा सगळं आयुष्य तिथे टेकलेला असायचा, शेवटी शेवटी तर अंथरुणातही तो तिच्या मुठीत असे. ती गेल्यावर मी माझा अंगठा ठेवून पाहिला. माझे हात नानांचे, लांबोडे. बसला नाही. तू पहिल्यापासून आईच्या हातापायांचा. ठेवून बघ. बसेल, मला खात्री आहे. बसला की तो तुझ्याकडेच ठेव आणि मरेपर्यंत रोज न्हाऊ घाल. मला याचा फार राग येतो आणि तो जाणार नाही.

लुगड्याचं फडकं मात्र मला परत हवं. धुऊ नकोस.

लोभ आहे, तुझ्या लायकीपेक्षा जास्त.

उल्का