साहेबाच्या धडावर आमचं तोंड

प्रिय मेहुणेबुवांस सप्रेम नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? बसता येत असेल तर बसूनच वाचा. मी मात्र उभ्या उभ्या संतापून लिहितोय.

चौकातलं जुनं दगडी कारंजं तुम्हाला आठवत असेल. परक्या राजवटीतला साहेब खुर्चीत ऐसपैस, आणि आपल्यातले दोघं गुडघे टेकून त्याच्यापुढे घागर धरलेले. त्याला नवं रूप द्यायचं काम नगरपालिकेने तुमच्या कलावंत कन्येला दिलं. मला केवढा अभिमान वाटला! नळ-पाइपांचा धंदा मी शून्यातून उभा केलेला, म्हणून आतली सगळी जोडणी हौसेने मीच करून दिली. मग एक दिवस ती लाडात येऊन म्हणाली, "आतोबा, हुकूम सोडायची सवय असलेला चेहरा हवाय. तुमच्यासारखा दुसरा कुठे मिळणार?" (हा गोडवा तुमच्याच घराण्यातला. लग्नाच्या वेळी एकदा फसलो होतो, तरी शहाणा झालो नाही.) चेहऱ्याचा साचा काढायला नाकपुड्यांत नळ्या खुपसून मी प्लास्टरखाली मुकाट पडून राहिलो. वाटलं, आपला पुतळा होतोय! अनावरणाला झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना आग्रहाने बोलावलं. हारसुद्धा स्वतःच घेऊन गेलो.

पडदा सरकला. ते दोघं खुर्च्यांवर, एकाने तर पायावर पाय टाकलेला; आणि समोर साहेबाच्या कोटात, गुडघे टेकून घागर ओतणारा मी! पाणीही काय धो धो येत होतं (जोडणी माझीच ना). मागून आमचा गवंडी हळूच म्हणतो, "शेठ, जरा आमच्याही ओंजळीत घाला की!" माझे कान तिखट, सगळं ऐकू येतं. आणि तुमची भगिनी? घरात चार नळ असताना रोज संध्याकाळी तिथे जाऊन पाणी पिते. वर मलाच सांगते, "इतक्या वर्षांत उठून कधी पेलाभर दिलं नाहीत. तिथे बघा कसे, कुरकुर न करता वाढताय!"

तेव्हा बाप या नात्याने पोरीला चांगलं खडसावा आणि तो चेहरा ताबडतोब बदलायला लावा.

तुमचा संतप्त (पण जेवणखाण व्यवस्थित चालू असलेला)
मेहुणा

ता. क. जुना साहेब परत बसवा म्हणणारी मंडळी आत्ताच दुकानात येऊन गेली. तक्रारीवर पहिली सही माझी हवी, म्हणे! पायरीवरूनच पिटाळलं. खुर्चीवर बसलेली आपली माणसं पुन्हा खाली उतरवायची? कोणीतरी गुडघे टेकायलाच हवेत, तर मी आहे की.

आणखी एक. पोरीला खडसावू नका. मिशी तेवढी दाट करायला सांगा. प्लास्टरखाली दबून अगदीच मिळमिळीत झालीय. परवा दोन जुनी गिऱ्हाइकं मला न ओळखताच पाणी पिऊन गेली.