हवालदाराच्या अंगावरचे पांढरे ठिपके

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझं वाटोळं परवा सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. तोवर मी सुखी माणूस होतो. हातात काच घासायचा ब्रश होता, हवालदार मासा नेहमीसारखा टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालत होता. तो वळला, आणि त्याच्या निळ्या अंगावर मला मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले. मोजले, अकरा होते. पुन्हा मोजले तर चौदा.

फोन केला नाही, कारण फोनवर मी आवाज चढवतो आणि निवलास की कर असं म्हणून तू ठेवून देतेस. तुमच्याकडचे पाण्याचे नमुने शहरात आणणाऱ्या गाडीवाल्या काकांच्या हाती हे पत्र देतोय. उत्तरही त्यांच्याच हाती दे.

कॉलेज सोडून मी मत्स्यालयांच्या दुकानात लागलो, हे तुला माहीत आहे. लोकांच्या टाक्या साफ करत फिरतो. त्यातली दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली समुद्राच्या पाण्याची टाकी त्यांच्या मुलीची. तीच ती, जिच्याबद्दल मी गच्चीवर तुला सांगितलं आणि तू हसलीस. नखाएवढे प्रवाळाचे तुकडे लावून चार वर्षांत तिने आत बाग उभी केलीय. सहा मासे आहेत, त्यातला हवालदार सगळ्यात जुना. ती दोन महिने समुद्राचा अभ्यास करायला एका केंद्रात गेलीय, आणि जाताना किल्ली माझ्या हातात दिली. वडिलांच्या नाही, माझ्या. तीस तारखेला परत येईल.

या रोगावर तांब्याचं औषध आहे, पण तांब्याने प्रवाळ मरतात. म्हणून दुकानाच्या मागच्या फळीवरून मी अतिनील दिव्याची नळी आणली. पंपाने पाणी नळीत शिरतं, दिव्यासमोरून जातं आणि पाण्यात पोहणारे परजीवी मरतात. तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रात शेवटी हेच करता ना? मी दुकानातला सगळ्यात मोठा पंप जोडलाय. दिवा निळाशार पेटलाय. तरी आज ठिपके चाळीसच्या वर आहेत. काय चुकतंय ते लिही. बाबांना कळू देऊ नकोस. शिक्षण सोडून माशांची मोरी घासतोस, तीही जमेना का, असं विचारायला ते टपलेलेच आहेत.

कळावे. लोभ असावा, आणि उत्तर त्याहून आधी असावे.
तुझा,
ठिणगी


६ मार्च

चि. ठिणगी यास,
अ. आ.

अक्षरावरूनच कळलं की जेवला नाहीस. आधी जेव, मग पुढचं वाच.

अरे शहाण्या, दिवा म्हणजे काय झाडू आहे, की जोरात मारला की जास्त कचरा निघेल? पाणी दिव्यासमोर रेंगाळलं पाहिजे. तू ते पळवत नेतोयस. तुझे किडे कोवळं ऊन खाऊन परत टाकीत जात असतील. पंप लहान लाव. दुसरं, दिवा किती जुना आहे? निळ्या उजेडावर जाऊ नकोस. मारणारा उजेड डोळ्यांना दिसत नाही, आणि तो निळ्याच्या कितीतरी आधी संपतो. आमच्याकडे दिवा विझायची वाट बघत नाहीत. तास भरले की पेटता दिवा काढून टाकतात. त्याच्या भोवतीची काचेची नळीही पूस, तिच्यावर क्षार धरतात. आणि उघड्या दिव्याकडे बघायचं नाही. प्रेमात आंधळा झाला आहेस तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाहीस. चार वर्षं धडधाकट असलेल्या टाकीत हे आलं कुठून? आमच्या पाण्यात काही सापडलं की पहिला प्रश्न हाच विचारतात. हल्ली त्या टाकीत नवीन काय गेलं?

तुझ्या बापाला सांगत नाही. पण तो तुला वाटतो तेवढा राक्षस नाही, लहानपणी माझ्या हातचा मार खायचा.

कळावे, तुझी जागणारी
आत्या


१० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू माझी आत्या आहेस की फौजदार? मी बुडतोय आणि तू विचारतेस की पाण्यात कुठल्या पायरीवरून उतरलास.

पण दिव्याचं तुझं खरं निघालं. दुकानातला दिवा दीड वर्ष वापरलेला होता आणि त्याची काच शेवाळल्यासारखी झाली होती. मालकांशी भांडून नवा दिवा मिळवला, पंप लहान लावला. मधल्या दोन दिवसांत केशरी जोडीतला लहान मासा गेला. त्याला बाहेर काढत होतो, आणि डॉक्टरांचा एक छोटा पेशंट गाल धरून माझ्याकडे बघत होता.

आता खरी बातमी. काल सकाळी हवालदाराच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. मी खुर्चीवर चढून, खाली वाकून, विजेरी मारून पाहिलं. स्वच्छ. मी डॉक्टरांना ओढत आणून दाखवलं. ते म्हणाले की ठणका थांबला म्हणजे कीड गेली असं नसतं, हे ते दिवसातून दहा जणांना सांगतात. मी म्हटलं, दात वेगळे, मासे वेगळे.

संध्याकाळी तिचा फोन आला. टाकी कशी आहे विचारत होती. मी सांगितलं, सगळं ठीक आहे. आणि ते खोटं नव्हतं, त्या वेळी खरंच ठीक होतं. ती हसली. आत्या, ते हसू ऐकून मी दवाखान्याचा जिना तीनदा चढलो-उतरलो.

लोभ असावा. आज तो मागायचं धाडस होतंय.
ठिणगी


१२ मार्च

चि. ठिणगी यास,
अ. आ.

तुझा आनंद मोडताना बरं वाटत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, जिन्याचा भाग गाळून. त्या म्हणाल्या की ठिपके जातात ते किडे मेले म्हणून नाही, पोट भरलं म्हणून. मासा सोडून ते खाली वाळूत उतरतात, कवच करून बसतात, आणि एकेका कवचातून शेकडो बाहेर पडतात. दिवा मारतो ते फक्त त्याच्या नळीत येतील तेवढे. रात्री मासा ज्या कपारीत झोपतो तिथेच फुटलेले किडे नळीपर्यंत जातीलच कशाला? अन्न शेजारीच झोपलंय.

बाईंच्या मते एकच उपाय आहे. एकूण एक मासा बाहेर काढायचा, वेगळ्या टबात तांब्याचं औषध द्यायचं, आणि टाकी अडीच महिने माशांशिवाय ठेवायची. खायला मासा नसला की किडे उपाशी मरतात. आज अंग स्वच्छ आहे तोवर माशांत ताकद आहे. आजच काढ.

तीस तारखेला ती येईल तेव्हा टाकी रिकामी असणार. ते लपणार नाही, म्हणून आधी तूच सांग. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

तुझी,
आत्या


१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बारा तारखेलाच संध्याकाळी मिळालं. वाचून खिशात ठेवलं. चार दिवस ते खिशातच होतं.

टाकी रिकामी केली तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर तुझाच प्रश्न ती पहिल्या वाक्यात विचारेल. म्हणून मी दिव्यावर भरवसा ठेवला. दुसरी नळी जोडली. दोन्हींसमोर बसून राहिलो, जणू मी बघत राहिलो तर दिवा जास्त काम करेल.

पिवळा मासा, आत्या. ती जाण्याआधी एकदा काचेला नाक लावून म्हणाली होती की या सगळ्या जांभळ्या-हिरव्यात एक पिवळं काहीतरी हवं होतं. मी वीस फेब्रुवारीला दुकानातून पिवळा मासा आणला आणि पिशवीतून थेट टाकीत सोडला. नवा मासा महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगतो. पण ती आल्यावर तो नवखा, बुजलेला दिसायला नको होता. तिथेच जन्मल्यासारखा दिसायला हवा होता. आणि तो हरामखोर अजूनही ठणठणीत आहे, येईल ते खातोय.

कालपासून बाकीच्यांच्या अंगावर ठिपके नाहीत, पीठ आहे. काल दोन गेले, आज एक. हवालदाराने गस्त सोडलीय. जिथून पाणी पडतं तिथे तोंड वर करून नुसता धापा टाकतोय. माझं डोकं चालत नाही. काय करू सांग.

लोभ कशाच्या बळावर मागू?
ठिणगी


१७ मार्च

चि. ठिणगी,

गाडी सुटतेय, म्हणून एवढंच. मासे काढ. मग फोन कर, आणि तो मला नाही, तिला. सगळं सांग, पिवळ्यासकट. रडू आलं तर येऊ दे, आवाज चढवू नकोस. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते काही तू शहाणा असण्यावर अवलंबून नाहीत.

आत्या


१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लोभ असावा हे आजच्या पत्रात वरच लिहून ठेवतो, शेवटी हात चालेल असं वाटत नाही.

परवा तुझं पत्र मिळाल्यावर तासाभरात मासे काढले आणि फोन केला. ती फक्त येते म्हणाली. काल दुपारी आली. बॅग खांद्यावरून न उतरवता टाकीसमोर जमिनीवर बसली. मासे पकडायला मी तीन दगड हलवले होते, त्यात प्रवाळाच्या दोन फांद्या मोडल्या. त्या तिने तळहातावर घेऊन बघितल्या. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती, एकही कामाला आलं नाही. तिने फक्त तारखा विचारल्या. पिवळा कधी सोडला, ठिपके कधी दिसले, मासे काढायला सांगणारं तुझं पहिलं पत्र कधी आलं, त्या दिवशी तिचे किती मासे जिवंत होते. पाच, म्हटलं. आणि आता, तिने विचारलं. दोन.

ती म्हणाली की मेलेल्यांसाठी ती रडून घेईल, पण सगळं ठीक आहे असं मी सांगितलं त्याचं तिने काय करायचं.

मग मी नको ते सगळं बोलून गेलो. पिवळा का आणला, कॉलेज सुटल्यापासून रोज कोणासाठी उठतो, सगळं. अडीच महिने रोज येईन, औषधाचं प्रमाण मोजेन, वाळू बोटांनी चाळेन म्हणालो. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली की मी कोणासाठी उठतो ते तिला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच तिने किल्ली वडिलांना न देता मला दिली होती.

आत्या, हे वाक्य मी कालपासून गिळतोय आणि ते खाली उतरत नाही. मला जे हवं होतं ते माझ्याकडे होतं. इतके दिवस माझ्या खिशात होतं.

तिने हात पुढे केला, मी किल्ली दिली. औषधाच्या मोजमापाची वही दाखवली, दिव्याचे किती तास झाले ते सांगितलं. ती लिहून घेत होती. टब एक्स-रेच्या छोट्या खोलीत ठेवलाय, तिथे तुटक्या पाइपात हवालदार शिरून बसला होता. कल्ले भराभर हलत होते. ती टबापाशी गुडघ्यांवर बसली आणि पाण्यात अन्नाचा एक कण सोडला. त्याने तो घेतला नाही. तिने दुसरा सोडला. तिने मान वर केली नाही, आणि माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. आवाजाने तो दचकतो, म्हणून दाराची मूठ शेवटपर्यंत दाबून धरून मी बाहेर आलो आणि दार लावलं.